खानावळीची उधारी कुणाच्या खात्यावर?



यंदाच्या १८ जानेवारीला शिवडीत एक सभा झाली. १९८२ चा गिरणी संप याच तारखेला सुरू झाला, म्हणून गिरणगावात कुठे ना कुठे अशी सभा दरवर्षी होते. चाळीचं पटांगण, लाल बावटा, पुढच्या खुर्च्यांवर पुरुष, मागे सतरंजीवर बायका. एक ज्येष्ठ कॉम्रेड तासभर बोलले. चांगलं बोलले. भांडवलशाही कामगाराच्या घामातून नफा कसा काढते, संप कसा चिरडला, गिरण्यांच्या जमिनी कशा विकल्या, सगळं तारखांसकट. शेवटी कुणाला काही विचारायचंय का म्हणाले, तशी मागून एक आजी उठली. मूळची साताऱ्याकडची, आता ऐंशीच्या घरातली. चाळीत सगळे तिला खानावळवाली म्हणूनच ओळखतात.

"संप लागला तवा माझ्याकडं बारा माणसं जेवत हुती," आजी म्हणाली. "तीन गावाला गेली. नऊ ऱ्हायली. वरीसभर जेवली. पगार झाला की देतो म्हणायची. पगार काय झाला न्हाई. त्या जेवणाचं पैसं कुणी द्यायचं हुतं, तुमी का मालकानं?"

कॉम्रेड म्हणाले, "आजी, तुम्हा माउलींचा त्याग इतिहास विसरणार नाही."

"इतिहासाचं ऱ्हाऊ द्या. मी वाण्याला काय सांगायचं हुतं ते सांगा."

सभा हसली. मीही हसले. मग आभार झाले, चहा आला, माणसं पांगली. प्रश्न तिथेच राहिला. घरी जाताना मला माझ्या हसण्याची लाज वाटली, कारण आजीने कॉम्रेडच्या तासाभराच्या मांडणीतली नेमकी फट दाखवली होती आणि आम्ही तिला गमतीदार म्हातारी समजून हसलो होतो.

सुरुवातीलाच सांगते, मी लाल बावट्याच्या विरोधात लिहीत नाही. शिवडीत काम करणाऱ्या कुणालाही भांडवलशाही पुस्तकातून शिकावी लागत नाही. कॉटन ग्रीनच्या गोदामांवरून चालत गेलं तरी पुरे. १९२० च्या दशकात कुलाब्याचा कापूस बाजार इथे हलवला. कापूस इथे उतरायचा, परळ-लालबागच्या गिरण्यांत जायचा, आणि त्याचं कापड होईपर्यंत त्यात जी किंमत भरली जायची ती कामगाराच्या अंगातून निघायची. १९२८ साली मालकांनी कताईवाल्याला दोन बाजू आणि विणकराला तीन माग सांभाळायला लावायचं ठरवलं, म्हणजे कमी माणसांत जास्त काम. त्याविरुद्ध सहा महिने संप झाला आणि त्यातून गिरणी कामगार युनियन उभी राहिली. डांगे, जोगळेकर, आळवे यांनी तेव्हा जे सांगितलं ते खरं होतं. मालकाचा नफा हा न दिलेल्या मजुरीचा पैसा आहे, हे त्यांनी अडाणी म्हटल्या गेलेल्या माणसांना गेटसभांमधून समजावलं. ५४ वर्षांनी सुमारे अडीच लाख कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या मागे संपावर गेले, तेव्हा पगारवाढ, बदली कामगारांना कायम करणं आणि एकाच युनियनला मक्ता देणारा १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा या तिन्ही प्रश्नांवर त्यांचीच बाजू न्यायाची होती. हा संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही.

मग माझं भांडण कशाशी आहे? ही सगळी मांडणी गिरणीच्या गेटपासून सुरू होते. भोंगा झाला, कामगार आत गेला, शोषण सुरू. भोंगा झाला, बाहेर आला, शोषण थांबलं. पण रोज सकाळी गेटवर येणारा तो माणूस आधी कुठून आला? त्याच्या पोटात काय होतं, ते कुणी शिजवलं, त्याचा सदरा कुणी धुतला, आजारी पडला तेव्हा पेज कुणी दिली?

खानावळीचं गणित आपल्यातल्या तरुण मैत्रिणींना कदाचित माहीत नसेल, म्हणून जरा सविस्तर सांगते. गिरणीतला बराचसा कामगार कोकणातून किंवा घाटावरून एकटा येई. बायको-पोरं गावी. इथे तो गावच्या माणसांबरोबर एका खोलीत राही, दहा-पंधरा जण, पाळीप्रमाणे झोपायचं. पहिल्या पाळीचा उठला की रातपाळीचा त्याच जागेवर आडवा. जेवण खानावळीत, पैसे महिन्याला, पगार झाल्यावर. खानावळ म्हणजे हॉटेल नव्हे, एखाद्या बाईची दहा बाय दहाची खोली. नवरा गिरणीतच असे, नाहीतर वारलेला, दारूत बुडालेला किंवा टाकून गेलेला. पहिल्या पाळीसाठी ती पहाटे साडेतीनला उठे, कारण माणूस सात वाजता साच्यावर उभा राहायचा तर डबा त्याआधी बांधायला हवा. रातपाळीचा माणूस सकाळी जेवायला येई. म्हणजे गिरणी तीन पाळ्यांत चाले तशी हिची चूलही तीन पाळ्यांत चाले, फरक एवढाच की गिरणीत पाळीला माणूस बदलायचा. महिनाभर ती वाण्याकडून उधार आणायची, तांदूळ-पीठ-तेल-रॉकेल. पगाराला माणसांनी पैसे दिले की वाण्याचं भागवायची. हातात राही ते मुलांच्या फीला. मध्ये अडलं तर गळ्यातलं गहाण.

आता हे पाहा. मालक कामगाराला महिनाभर काम करून घेऊन मग पगार देतो. त्या महिनाभराचं पोट कुणाच्या भांडवलावर चालतं? खानावळवालीच्या उधारीवर. म्हणजे तीच मालकाला एक महिन्याचं बिनव्याजी कर्ज देत होती, आणि व्याज वाण्याला स्वतः भरत होती. शिवाय तिच्या श्रमाला तिने मोलच लावलं नव्हतं. जेवणाच्या दरात धान्य होतं, इंधन होतं, पहाटे साडेतीनचं उठणं नव्हतं. ते धरलं असतं तर जेवण महागलं असतं, आणि जेवण महागलं असतं तर मालकाला पगार वाढवावा लागला असता. तिचा न धरलेला घाम कामगाराच्या ताटातून सरळ मालकाच्या खात्यात गेला. याला शोषण म्हणायचं नसेल तर दुसऱ्या कशाला म्हणायचं ते कॉम्रेडनी सांगावं.

गावातल्या बायकोचंही तेच. नवऱ्याची मनिऑर्डर यायची, त्यावर गाव जगतं असं सगळे म्हणायचे. पण ती मनिऑर्डर कुटुंबाला कधीच पुरत नव्हती. भात-नाचणी बाई पिकवायची, म्हातारे सांभाळायची, पोरं वाढवायची, आणि चाळिशीत छाती खोकत परत आलेला गिरणीवाला शेवटी तिच्याच गळ्यात. मालकाने एका माणसाचा पगार दिला आणि कुटुंब फुकटात मिळवलं. १९८२ चा संप एवढा का टिकला याची फार चर्चा झाली आहे. नेत्याचा करिष्मा, कामगारांची जिद्द, सगळं मान्य. पण हजारो कामगार गावी गेले म्हणून तो टिकला, हे सगळेच सांगतात. गावी जाऊन ते काय खात होते? जे राहिले ते कुणाकडे जेवत होते? संपाचा निधी खरं तर इथे होता, पाट्यावर आणि बांधावर. त्याची पावती कुणी फाडली नाही.

यावर मला नेहमी तीन उत्तरं मिळतात.

एक, बायका गिरणीतही होत्या आणि युनियनने त्यांना बरोबर घेतलं. खरं आहे. उषाताई डांगे, पार्वतीबाई भोर यांच्यासारख्या बायांनी लाल बावट्यात राहून गिरणीतल्या बायकांना लढ्यात उतरवलं. पण १९२० च्या दशकात दर पाच गिरणी कामगारांत साधारण एक बाई होती, आणि १९८२ येईपर्यंत शंभरात पाचही उरल्या नव्हत्या, हे कसं झालं? वाइंडिंग आणि रीलिंग ही बायकांची खाती. तिथे यंत्रं आली, बायका गेल्या. १९२९ साली मुंबई इलाख्यात बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा झाला, तेव्हा मालकांना बाई महाग वाटू लागली. रातपाळी बायकांना कायद्याने बंद होती, तीन पाळ्या सुरू झाल्यावर तेही निमित्त झालं. या सगळ्या काळात एक सर्वंकष संप बायकांना काढण्याविरुद्ध झाल्याचं मला तरी आढळलं नाही. मागणी होती ती पुरुषाला कुटुंब पोसण्याइतकं वेतन मिळावं ही. ऐकायला न्यायाची, पण तिचा अर्थ असा की बाईने घरी बसावं आणि नवऱ्याच्या पगारातून खावं. तो पगार तर कधी मिळालाच नाही. बाई मात्र घरी बसली, म्हणजे खानावळ घालून बसली.

इथे एक गोष्ट आठवल्याशिवाय राहवत नाही. आपल्या मांडणीतला 'कामगार' म्हणजे नेमका कोण, हा प्रश्न चळवळीला पहिल्यांदा आजीने विचारलेला नाही. १९२८ च्या त्याच संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तो विचारला होता. धागा तोंडाने ओढावा लागतो म्हणून अस्पृश्य कामगाराला विणकाम खात्यात शिरू देत नव्हते, आणि पगार तिथेच जास्त होता. मालकाने घातलेली ही बंदी नव्हती, सोबतच्या कामगारांचा विटाळ होता. बाबासाहेबांनी हे पुढे आणलं तेव्हा नेत्यांना ती एकजुटीत फूट वाटली. आणि त्याच वर्षी जुलैमध्ये मुंबई कायदे मंडळात बाळंतपणाच्या भत्त्याच्या विधेयकावर बोलताना बाबासाहेबांनी मालकांना सुनावलं होतं की बाईला कामावर ठेवण्यात तुमचा फायदा आहे, तर तिच्या बाळंतपणाचा भारही काही प्रमाणात तुम्ही उचला. मूल जन्माला घालणं हा घरातला खासगी मामला नाही, त्याचा हिशेब उत्पादनाच्या खर्चात लागतो, हे इतकं स्वच्छ त्या सालात किती जणांनी म्हटलं होतं?

दुसरं उत्तर, आधी वर्गाचा प्रश्न सुटू दे, बाईचा आपोआप सुटेल. हे इतक्या वेळा ऐकलंय की आता राग येत नाही, झोप येते. १९७२ साली महागाई प्रतिकार संयुक्त महिला समितीच्या झेंड्याखाली मृणाल गोरे, अहिल्याताई रांगणेकर, तारा रेड्डी यांनी पक्षभेद बाजूला ठेवून बायकांना लाटणी-थाळ्या घेऊन रस्त्यावर आणलं. मंत्र्यांना पळता भुई थोडी झाली. पण तेल-रॉकेलची लढाई ही मजुरीचीच लढाई आहे, हे आपल्या डाव्या पक्षांच्या मांडणीत कुठे आलं? ती 'महिला आघाडीची' लढाई राहिली.

तिसरं उत्तर जरा पंडिती आहे. खानावळवाली म्हणे छोटी मालकीण. तिच्याकडे स्वतःची भांडी आहेत, ती जेवण विकते, म्हणून ती कामगार वर्गात बसत नाही. आजीच्या त्या भांड्यांतला एक टोप मी पाहिलाय. त्याचा बूड तीन वेळा बदललाय.

समाजवाद आणि बाईचे श्रम हा घोळ फक्त आपल्याकडचा आहे का? शिवडीच्या गोदामांत उतरणाऱ्या कापसात एके काळी युगांडाचा लांब धाग्याचा कापूसही असे. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याशी मुंबईचं नातं असं जुनं, आणि दोघांना लुटणारा साहेबही एकच. म्हणून शेजारच्या टांझानियाचं सांगते. १९६१ साली तो देश स्वतंत्र झाला आणि १९६७ च्या फेब्रुवारीत ज्युलियस न्येरेरेंच्या पक्षाने अरुशाचा जाहीरनामा काढला. भांडवलशाही आम्हाला नको, कारण ती परक्याच्या पैशावर उभी राहते आणि शेतकऱ्याच्या पाठीवर बसते, असा त्याचा रोख. काही दिवसांत बँका सरकारच्या झाल्या. (आपल्या १४ बँका १९६९ साली.) पण त्या जाहीरनाम्यात एक गोष्ट आहे जी आमच्या गिरणी चळवळीच्या मागण्यांच्या यादीत मला दिसत नाही. खेड्यातल्या बायका दिवसाला बारा-चौदा तास राबतात, देशात सगळ्यात जास्त कष्ट त्यांचे, आणि गावातले पुरुष मात्र अर्धं आयुष्य रजेवर, असं तिथे सरळ म्हटलंय. पक्षाच्या अधिकृत कागदात! देशाची संपत्ती कुठून येते हे सांगताना त्यांना बाईचे तास मोजावेसे वाटले.

आता पुढचंही सांगायला हवं, नाहीतर मी परदेशी आरती ओवाळते असं होईल. पुढे उजामा गावं वसवली, १९७३ नंतर तर लोकांना सक्तीने हलवलं. कुटुंबप्रमुख म्हणून नोंद बहुतेक पुरुषाची झाली, शेतात बाई पूर्वीइतकीच राबली. तास मोजले, पण वाटणी बदलली नाही. आणि १९८६ साली नाणेनिधीच्या अटी आल्या, दवाखान्या-शाळांत फी बसू लागली, तेव्हा सरकारने सोडलेलं काम पुन्हा बाईच्याच अंगावर पडलं. १९९१ नंतर आपण ते घरबसल्या पाहिलं, रेशनच्या रांगेत.

तर बाईचे श्रम नुसते कौतुकाने मोजून भागत नाही. हे मी आपल्यालाही म्हणते आहे, फक्त कॉम्रेडना नाही. आपल्या स्त्री-संघटनांनी काय केलं? १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी गिरणगावातल्या खानावळवाल्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, त्यांना बँकांची कर्जं मिळवून दिली, सावकाराच्या पाशातून सोडवलं. प्रेमाताई लाल बावट्यातून आलेल्या, आणि बँका राष्ट्रीयीकृत होत्या म्हणूनच विनातारण कर्ज शक्य झालं. समाजवादी मागणीचा बाईला झालेला इतका थेट लाभ दुसरा मला माहीत नाही. पण नंतर आपण त्यातला राजकीय भाग सोडला आणि बचतगट तेवढा उचलला. मी समाजकार्याची पदवी घेतली तेव्हा आम्हाला खानावळ 'उत्पन्नाचं साधन' या धड्यात शिकवली होती, मजुरीच्या धड्यात नाही. बाईला आणखी कर्ज द्या, आणखी पापड लाटायला लावा, म्हणजे ती सक्षम. आणि आता सरकार २०२४ पासून महिन्याला दीड हजार रुपये देतंय, बहिणीला ओवाळणी म्हणून. पैसे घ्यायचेच, मी कुणालाही नको म्हणून सांगत नाही. पण २०१९ च्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बाईचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात आणि पुरुषाची ९७, असं निघालं. सरकारनेच मोजलेल्या मिनिटांची मजुरी आणि ओवाळणी यांत फरक आहे. ओवाळणी भावाच्या मर्जीवर असते.

हे सगळं आत्ताच का लिहिते आहे, तर घरांचा प्रश्न. टी. जे. रोडवर स्वान मिलच्या जागेवर आज मनोरे उभे आहेत. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ वा नियम होता, गिरणीच्या जमिनीचा एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, उरलेला मालकाला. २००१ साली त्यात बदल करून बांधकामाखालची जमीन वगळली, फक्त मोकळ्या जमिनीची वाटणी ठेवली. उच्च न्यायालयाने २००५ साली हे अडवलं, सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली मोकळं करून दिलं. सरकारी मालकीच्या एनटीसीनेही मागे राहायचं नाही म्हणून २००५ साली मुंबई टेक्स्टाइल मिलची जमीन ७०२ कोटींना विकली. राष्ट्रीयीकरण झालं की गिरणी आपली झाली असं समजणाऱ्यांनी या आकड्याचा विचार करावा. दीड लाखाहून जास्त अर्ज आले, २०१२ पासून म्हाडाच्या सोडती निघाल्या, घरं थोड्यांनाच मिळाली. बाकीच्यांना आता शेलू-वांगणी दाखवतात. त्याविरुद्ध ९ जुलै २०२५ ला आझाद मैदानावर मोर्चा झाला. मुंबईतच घर हवं ही मागणी शंभर टक्के रास्त आहे.

पण पात्र कोण? १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर गिरणीच्या नोकरीत असल्याचा ज्याच्याकडे पुरावा आहे तो, नाहीतर त्याचा वारस. मस्टर, पगारपत्रक, हजेरीकार्ड. आजीकडे यातलं काही नाही. तिच्याकडे जेवलेल्या नऊ जणांपैकी दोघांच्या मुलांचा अर्ज सोडतीत लागलाय, हे ती स्वतःच सांगते आणि पोरांचं भलं झालं म्हणते. आणि जिथे बाई विधवा म्हणून वारस आहे, तिथे काय होतं ते आपण वस्तीत रोज पाहतो. मुलगा कागद आणतो, आई अंगठा देते, आणि दोन वर्षांनी ती गावी 'हवापालटाला' गेलेली असते.

काही युनियनांनी तयार केलेल्या घरांच्या संयुक्त निवेदनावर आपल्या संघटनेची सही मागितली गेली आहे. आपल्यात दोन मतं आहेत. काही मैत्रिणी म्हणतात, हा त्यांचा लढा आहे, बाईचा त्यात उल्लेखही नाही, सही नको. मला हे पटत नाही. जमीन बिल्डरच्या घशात जात असताना बाजूला उभं राहणं म्हणजे बिल्डरला मदत. काही म्हणतात, आता निमूट सही करू, आपलं नंतर पाहू. हे तर मुळीच पटत नाही. 'नंतर' हा शब्द आपण १९२८ पासून ऐकतोय.

माझं म्हणणं असं की सही करावी, पण दोन कलमं घालूनच. संपकाळात गिरणगावात खानावळ चालवणाऱ्या बायकांची पात्र म्हणून नोंद व्हावी, पुरावा म्हणून तेव्हाचं रेशनकार्ड, खानावळीची वही आणि जेवणाऱ्या कामगारांची लेखी साक्ष धरावी. आणि विधवेला मिळालेलं घर ती जिवंत असेपर्यंत तिच्या सहीशिवाय आणि स्वतंत्र चौकशीशिवाय कुणाच्या नावावर होऊ नये. युनियनवाले म्हणतील, दावेदार वाढले की सगळ्यांचीच घरं लांबतील, दलाल शिरतील. दलालांची भीती खरी आहे, त्यासाठी पडताळणीचं काम आपण वस्ती-संघटनांनी अंगावर घ्यावं. पण दावेदार वाढल्याने घरं कमी पडत नाहीत, २००१ साली जमीन कापली म्हणून कमी पडतात. त्या जमिनीवर बोला, आम्ही तुमच्या पुढे दोन पावलं चालू. घरातल्या घरात ताट ओढू नका.

नोंदणीचं काम शिवडीत आम्ही सुरू केलंय. आतापर्यंत अकरा बायका सापडल्या. चार जणींकडे वह्या आहेत. आजीच्या वहीत पानाला एक माणूस, तारखेपुढे काडी, जेवला की काडी, नाही जेवला की पूज्य. लिहिता येत नव्हतं म्हणून नावाच्या जागी खुणा आहेत, एकाला टोपी, एकाला मिशी. कुठली मिशी कोण हे तिला अजून पाठ आहे. निवेदनाची पुढची बैठक पंधरा दिवसांनी आहे, ती वही घेऊन येणार आहे. कॉम्रेडनाही मी निरोप धाडलाय.